बटाट्याची रात्रपाळी

राइली पडली ती बर्फावर, पत्रपेटीशी,
नाताळाला नऊ दिवस असताना.
उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी.
"यंदा बटाट्याचं तुझ्याकडे," म्हणाली,
जसा एखादा मुकादम किल्ल्या सोपवतो
आणि तरी दारातच उभा राहतो.

दुकानात मिळतो की तयार, डब्यात,
नुसता भट्टीत सरकवायचा,
एवढंच म्हणालो मी.
तिनं डाव्या हातानं कप बशीत ठेवला.
आवाज झाला तेवढा पुरे होता.

दोन किलो बटाटे, शेजारच्या ओइवाच्या तळघरातले, मातीसकट.
एकेचाळीस वर्षं मी कागद केला.
या हामे प्रांतातली निम्मी झाडं
साल निघून, शिजून, लगदा होऊन
माझ्या डोळ्यांसमोरून गेली असतील,
आणि घरात एक बटाटा सोलला नव्हता.
"सालीबरोबर अर्धा बटाटा चाललाय,"
खुर्चीतून आवाज.

उकडले, कुस्करले.
लगदाच तो शेवटी,
फक्त कारखान्यातल्याला सडक्या कोबीचा वास यायचा.
गावात आम्ही त्याला पगाराचा वास म्हणायचो.
अकरा वर्षं झाली, हवा स्वच्छ आहे.

"पीठ किती?"
"मूठभर."
"कुणाची मूठ?"
तिनं प्लास्टरकडे पाहिलं, मग माझ्या पंजाकडे.
"तुझी अर्धी."

"आता रात्रभर उबेत.
ऊब कशी, तर हात लावला की मागे घ्यावासा वाटेल
पण नाही घेतला तरी चालेल, अशी.
जास्त झाली तर पिठातला जीव जातो.
कमी झाली तर आंबतं.
नीट राहिली, तर बटाटा आपला आपण गोड होतो.
माझ्या आईनं यासाठी
जन्मात काकवीची बाटली उघडली नाही."
एवढं बोलून ती झोपायला गेली.

स्टूल ओढून मी भट्टीपुढे बसलो.
तीन नंबरच्या यंत्रावर बावीस काटे होते,
प्रत्येकाचा स्वभाव मला पाठ.
इथे एकच बटण, त्यावरचे आकडे पुसलेले.
दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवला,
दर अर्ध्या तासाला हात आत घातला,
मागे घ्यावासा वाटला,
नाही घेतला.

बाहेर उणे अठरा.
बर्फ साफ करणारी गाडी एकदा गेली, पिवळा दिवा फिरवत.
तिच्यातल्या माणसाला मी हात केला,
रात्रपाळीवाल्यानं रात्रपाळीवाल्याला करावा तसा.
त्याला दिसला नसावा.

पावणेतीनला चाखला. बटाटा.
चारला पुन्हा. पातळ झाला होता,
ढवळताना ओला आवाज करत होता,
पण गोड?
जीभ म्हणाली हो. मी म्हणालो, तुला काय कळतंय.
उद्या तार्या येणार, पोरं येणार,
पहिला घास घेऊन सगळे आधी तिच्याकडे बघणार
आणि मग माझ्याकडे.

काकवी वरच्या फळीवर होती.
तीन चमचे. चार असतील.

मग दूध, लोणी, मीठ, किसलेलं जायफळ,
आणि मंद आचेवर तीन तास,
कडा तपकिरी होऊन भांड्याला धरेपर्यंत.

दुपारी अंधार पडता पडता दफनभूमीत गेलो.
बर्फात शेकडो मेणबत्त्या.
सासूबाईंची मी लावली,
दगडावरच्या नावाकडे न बघता.

जेवताना कुणी फार बोललं नाही.
धाकट्यानं तिसऱ्यांदा वाढून घेतलं.
"आई, अगदी आजीसारखा झालाय," तार्या म्हणाली.
"मी नाही केला," राइली म्हणाली,
आणि मिठाची वाटी पुढे सरकवली.

रात्री सगळे झोपल्यावर
स्वयंपाकघरात दिवा दिसला.
ती उभी होती, डाव्या हातात ओलं फडकं.
बाटलीच्या गळ्याशी सुकलेला ओघळ
सावकाश पुसत होती.
पुसून झाल्यावर ती बाटली
वरच्या फळीवर नाही,
खाली, पिठाच्या डब्यामागे सारली.

"तिथे का?" मी विचारलं.

"आई तिथेच ठेवायची."